केराटोकोनस : टोपोगाइडेड लेझर आणि क्रॉसलिंकिंग एकाच बैठकीत की वेगवेगळं?

डोळस (प्रश्न)

नमस्कार मंडळी. ऑप्टोमेट्रीत आहे. केराटोकोनसचे (कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार) पेशंट रोजच असतात, पण सर्जन 'लेझर प्लस सीएक्सएल' (सीएक्सएल म्हणजे क्रॉसलिंकिंग, औषध आणि यूव्ही किरणांनी कॉर्निया घट्ट करणं) सुचवतात तेव्हा पेशंटच्या शंकांना पक्कं उत्तर देता येत नाही. एक केस समोर ठेवतो, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही.

वय २४. उजवा डोळा : केमॅक्स (कॉर्नियाची सर्वांत जास्त वक्रता, डायॉप्टरमध्ये) ५४.२, नऊ महिन्यांत १.६ डायॉप्टरने वाढलेला. सर्वांत कमी जाडी ४६२ मायक्रॉन, तीही एपिथेलियम (कॉर्नियाचा सर्वांत वरचा थर) धरून. नंबर −१.७५, सिलिंडर −४.००. चष्म्याने ६/१२, आरजीपी (कडक कॉन्टॅक्ट) लेन्सने ६/६. व्रण नाही. डावा डोळा : केमॅक्स ४७.१, जाडी ४९८, चष्म्याने ६/६, वर्षभरात काही हललेलं नाही.

पेशंटचा सरळ सवाल आहे की कॉर्निया आधीच पातळ आहे, मग त्यात लेझरने आणखी कशाला घासायचं? माझे प्रश्न असे : आधी सीएक्सएल करून सहा महिन्यांनी लेझर करावं की दोन्ही एकाच दिवशी? या जाडीत किती मायक्रॉन काढण्याची मुभा आहे? आणि नंबर कितपत उतरेल?


पारपटल

नंबरापासूनच सुरू करतो, कारण बहुतेक गैरसमज तिथूनच होतात. या शस्त्रक्रियेत नंबर घालवायचा नसतो. तुमच्या पेशंटला चष्म्याने ६/१२ च दिसतं, कारण शंकूमुळे तयार झालेला कोमा (प्रतिमा शेपटीसारखी पसरवणारा दोष) आणि बाकीचा वेडावाकडेपणा चष्म्याच्या काचेला दुरुस्त करता येत नाही. लेझरने तेवढाच कमी करायचा आहे. म्हणजे चष्मा राहील, पण त्याच चष्म्याने चार्टवरच्या एक-दोन ओळी जास्त वाचता येतील. अपेक्षा एवढीच ठेवायची. 'ऑपरेशननंतर चष्मा सुटेल' असं कुणी सांगितलं असेल, तर तो समज टेबलावर जाण्याआधीच दूर करायला हवा.

टोपोगाइडेड, म्हणजे कॉर्नियाच्या नकाशावरून चालणारं, लेझर शंकूच्या माथ्यावरून थोडं स्ट्रोमा (एपिथेलियमखालचा जाड थर) काढतं आणि समोरच्या चपट्या बाजूला परिघाजवळ कमानीसारखा एक पट्टा काढतं. परिघाजवळचं काढल्यामुळे त्या बाजूची वक्रता आतल्या भागात वाढते, आणि दोन्ही बाजू एकमेकींच्या जवळ येतात. कमान निघते ती जाड भागातून, त्यामुळे जाडीच्या हिशेबात ती जवळजवळ फुकट पडते. खरी किंमत मोजावी लागते ती शंकूवर.

आता 'पातळ कॉर्निया आणखी पातळ का करायचा' हा प्रश्न. केराटोकोनसमध्ये नुसतं लेझर करूच नये, एक्टेशिया (कॉर्नियाचा फुगवटा) वाढतो, यात दुमत नाही. पण वाढ थांबवणारं काम क्रॉसलिंकिंगचं आहे. वोलेनसाक, स्पॉर्ल आणि सायलर यांनी २००३ मध्ये ज्या पद्धतीचे निष्कर्ष मांडले तो ड्रेस्डेन प्रोटोकॉल असा : एपिथेलियम काढायचं, ०.१ टक्का रायबोफ्लेविन (बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब) ३० मिनिटं मुरवायचं, मग ३ मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर तीव्रतेने ३७० नॅनोमीटरच्या यूव्हीए किरणांचा मारा ३० मिनिटं द्यायचा. एकूण ५.४ ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर. लेझर त्याच्या आधी जोडायचं ते मोजक्या मायक्रॉनांपुरतं, आणि घडवलेला आकार लगेच घट्ट करायचा.

क्रमाबद्दल. आधी सीएक्सएल आणि नंतर लेझर केलं तर ज्या वरच्या थराला सर्वांत जास्त मजबुती आली तोच थर लेझर उडवून टाकतं. शिवाय क्रॉसलिंक झालेलं स्ट्रोमा लेझरला साध्या स्ट्रोमासारखाच प्रतिसाद देईल असं धरता येत नाही, त्यामुळे मशीनने दाखवलेली खोली आणि प्रत्यक्ष निघालेली खोली जुळेलच असं नाही. तिसरी गोष्ट, आकार घडवलेला भाग बरा होताना पुन्हा धुरकट होतो, आणि या वेळी तो धूर पुसायला दुसरं सीएक्सएल नसतं. कानेलोपोलस यांनी २००९ मध्ये ३२५ डोळ्यांची तुलना मांडली होती. तीत एकाच दिवशी केलेला गट दृष्टी, चपटेपणा आणि धूर या तिन्ही बाबतींत सरस ठरला. तो एकाच लेखकाचा अभ्यास आहे हे ध्यानात ठेवावं, पण वरची कारणं पटण्यासारखी आहेत. अथेन्स प्रोटोकॉल म्हणतात तो हाच.


मायक्रॉन

पारपटल यांनी 'का' सांगितलं, मी हिशेब मांडतो. केस चांगली निवडलीत, कारण ती नेमकी काठावर आहे.

सर्वांत आधी एपिथेलियम मॅप, म्हणजे त्याच्या जाडीचा नकाशा. ओसीटीवर (प्रकाशाने थरांची जाडी मोजणाऱ्या यंत्रावर) मोजलंत तर शंकूच्या टोकावर एपिथेलियम पातळ आणि त्याभोवती जाड कडं असं चित्र दिसेल. कारण एपिथेलियम वर आलेला भाग दडपतं आणि खोलगट भाग भरून काढतं. म्हणून टोपोग्राफीवर (कॉर्नियाच्या आकाराच्या नकाशावर) दिसणारा पृष्ठभाग हा खऱ्या स्ट्रोमापेक्षा गुळगुळीत असतो. ब्रशने किंवा अल्कोहोलने एपिथेलियम काढलं तर खाली जास्त खडबडीत स्ट्रोमा उघडा पडतो, आणि वरच्या पृष्ठभागावरून काढलेला लेझरचा नकाशा त्याला बसत नाही. म्हणून पीटीके (एपिथेलियम लेझरनेच काढणं) वापरतात : ६.५ ते ७ मिलिमीटर व्यासात सरसकट ५० मायक्रॉन. शंकूवर एपिथेलियम ४३ असेल तर तिथलं ७ मायक्रॉन स्ट्रोमाही निघतं, आणि कड्यावर ५५ असेल तर ५ मायक्रॉन एपिथेलियम उरतं. एपिथेलियमने दाखवलेला गुळगुळीतपणा असा स्ट्रोमावर उतरतो. क्रेटचा प्रोटोकॉल तर पीटीके आणि सीएक्सएल एवढ्यावरच थांबतो.

आता तुमच्या केसचे आकडे, शंकूवर एपिथेलियम ४३ धरून :

४६२ वजा ४३, स्ट्रोमा ४१९.
पीटीकेत स्ट्रोमाचे ७ गेले, राहिले ४१२.

पुढे पीआरके, म्हणजे आकार घडवणारं लेझर. खोलीचं ढोबळ सूत्र : ऑप्टिकल झोनच्या (लेझरने आकार द्यायच्या मधल्या भागाच्या) व्यासाचा वर्ग भागिले ३, म्हणजे एका डायॉप्टरला लागणारे मायक्रॉन. साडेपाच मिलिमीटरला १० मायक्रॉन, साडेसहाला १४. सिलिंडरचा ७० टक्के म्हणजे २.८ डायॉप्टर काढायचं म्हटलं तर साडेपाचच्या झोनला २८ आणि साडेसहाच्या झोनला ३९. त्यात स्फिअरचा (−१.७५ नंबराचा) ७० टक्के घातलात तर साडेपाचलाच आणखी १२. म्हणून या डोळ्यात स्फिअरला हात लावायचा नाही आणि झोन ५.५ च्या वर न्यायचा नाही.

स्फिअर सोडून २८ काढले तरी खाली ३८४ राहतात. किमान ४०० मायक्रॉन राखण्याचा नियम एंडोथेलियमसाठी (कॉर्नियाच्या सर्वांत आतल्या थरासाठी) आहे : ३ मिलिवॅट दिल्यावर ४०० मायक्रॉन स्ट्रोमाच्या खाली सुमारे ०.१८ मिलिवॅट पोहोचतो, आणि पेशींना इजा होण्याची पातळी ०.३५ मानली जाते. अथेन्स प्रोटोकॉलमध्ये ३५० पर्यंत जातात, बरेच सर्जन ४०० ला थांबतात. वाढत असलेल्या २४ वर्षांच्या डोळ्यात मी सिलिंडर निम्म्यावर, म्हणजे २ डायॉप्टर, २० मायक्रॉनवर थांबेन. ३९२ राहतील. उरलेले आठ-दहा डेक्स्ट्रानविरहित किंवा हायपोऑस्मोलर (कॉर्नियात पाणी शिरू देणाऱ्या) रायबोफ्लेविनने फुगवून भरता येतात. फुगवण्याची मात्र मर्यादा आहे. फुगलेल्या स्ट्रोमात कोलॅजन विरळ असतं, म्हणून ३४० ला ४०० करण्याच्या फंदात पडू नये.

एक बारकावा पुष्कळदा सुटतो. लेझरच्या पडद्यावर 'कमाल खोली' म्हणून जो आकडा येतो तो बहुधा कमानीवरचा असतो. तो बघून घाबरायचं किंवा निर्धास्त व्हायचं कारण नाही. खोलीच्या नकाशावर सर्वांत पातळ बिंदूवर बोट ठेवून तिथला आकडा वाचा. वरच्या गणितात तोच घालायचा.


डोळस

हे फारच स्पष्ट झालं, आभार. प्रत्यक्ष टेबलावर काय होतं आणि कुठे बिघडतं तेही कुणी सांगाल का? आणि मायटोमायसिन (कॉर्निया धुरकट होऊ नये म्हणून लावायचं औषध) लागतंच का? आमच्याकडचे दोन सर्जन दोन गोष्टी सांगतात.


मायक्रॉन

टेबलावर जाण्याआधीच निम्मं बिघडतं. टोपोग्राफी किमान चार-पाच वेळा घ्यावी आणि एकमेकींशी जुळणाऱ्याच वापराव्यात. कोरड्या डोळ्यावर घेतलेला नकाशा म्हणजे अश्रूंच्या फाटक्या थराचा नकाशा, आणि लेझर तो इमानेइतबारे कोरून ठेवतं. तीव्र शंकूत प्लासिडोच्या रिंगा (कॉर्नियावर पाडलेली वर्तुळांची प्रतिबिंबं) एकमेकींत मिसळतात आणि तिथला डेटा रिकामा राहतो. अशा वेळी शाइमफ्लूग (कॉर्नियाच्या छेदांचे फोटो घेणारं यंत्र) जास्त भरवशाचं.

दुसरं, सायक्लोटॉर्शन. पेशंट आडवा झाला की डोळा काही अंश फिरतो. सिलिंडरचा अक्ष १५ अंशांनी चुकला तर परिणाम निम्मा होतो, ३० अंशांनी चुकला तर सिलिंडर तेवढंच उरतं आणि फक्त जागा बदलतं. वेड्यावाकड्या कॉर्नियात याने कोमा वाढूही शकतो. आयरिस रजिस्ट्रेशन (बुबुळावरच्या खुणांवरून डोळ्याचं फिरणं ओळखणं) लागलं नाही तर बसलेल्या स्थितीत लिंबसवर (कॉर्नियाच्या कडेवर) खुणा केलेल्या हव्यातच.

मग क्रम : पीटीके, पीआरके (काही जण हे दोन उलट क्रमाने करतात), गार बीएसएसने (सलाइनसारख्या द्रावणाने) धुणं, रायबोफ्लेविन दर दोन मिनिटांनी. डेक्स्ट्रानवालं द्रावण कॉर्नियाचं पाणी ओढून घेतं आणि जाडी बरीच घसरते, म्हणून लेझरनंतर एचपीएमसीवालं (डेक्स्ट्रान नसलेलं) बरं. मुरल्याची खात्री स्लिट लॅम्पच्या (डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाच्या) निळ्या प्रकाशात करायची : अँटिरिअर चेंबरमध्ये (कॉर्नियामागच्या पोकळीत) पिवळसर-हिरवी झाक दिसली पाहिजे. त्यानंतर अल्ट्रासाउंड पॅकिमेट्री (जाडीचं मोजमाप), यूव्ही सुरू करण्याआधी. ही पायरी गाळली जाते आणि एंडोथेलियमच्या इजेचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं. कागदावर ३९२ आलं तरी लेझरखाली वाळल्याने प्रत्यक्षात ३७५ भरू शकतं. तसं असेल तर हायपोऑस्मोलर थेंब घालून थांबायचं आणि पुन्हा मोजायचं.

यूव्हीसाठी ३ मिलिवॅट ३० मिनिटं किंवा ९ मिलिवॅट १० मिनिटं. दोन्हींचे ज्यूल सारखेच, ५.४. पण ३० मिलिवॅटला ३ मिनिटांत उरकण्याच्या मोहात पडू नये. क्रॉसलिंकिंगला ऑक्सिजन लागतो. तीव्रता वाढवली की स्ट्रोमातला ऑक्सिजन काही सेकंदांत संपतो आणि बाहेरून तेवढ्या वेगाने येत नाही. ज्यूल जुळतात, परिणाम तेवढा खोल जात नाही.


पारपटल

मायटोमायसिनबद्दल : दोघेही सर्जन आपापल्या जागी बरोबर आहेत. अथेन्स पद्धतीत ०.०२ टक्के, २० सेकंद, मग भरपूर धुणं. न वापरणाऱ्यांचं म्हणणं असं की सीएक्सएलमुळे पुढच्या स्ट्रोमातले केराटोसाइट मरतातच, मग धूर करणाऱ्या पेशी मारायला वेगळं औषध कशाला? २० मायक्रॉनच्या लेझरला मला दुसरा विचार पटतो. ४०-५० मायक्रॉन काढायचे असतील तर मी वापरेन.

नंतरचे दिवस. बँडेज लेन्स चार-पाच दिवस, एपिथेलियम पूर्ण भरेपर्यंत. पहिले दोन-तीन दिवस दुखणं चांगलंच असतं, ते आधी सांगून ठेवावं आणि पोटात घेण्याच्या गोळ्या वेळेवर द्याव्यात. वेदनाशामक थेंब फार तर दिवस-दोन दिवस, कारण ते एपिथेलियम भरणं लांबवतात. भूल देणारे थेंब पेशंटच्या हातात कधीही देऊ नयेत. ते वारंवार घातले की एपिथेलियम भरतच नाही आणि कॉर्निया वितळू लागतो. अँटिबायोटिक थेंब एपिथेलियम भरेपर्यंत, सौम्य स्टेरॉइड हळूहळू कमी करत दोन-तीन महिने, आणि त्या काळात डोळ्याचा दाब तपासत राहायचं.

धोक्याची खूण एकच पक्की सांगा : दुखणं कमी होत आलं आणि पुन्हा वाढलं, किंवा पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी यायचं. तो निर्जंतुक इनफिल्ट्रेटही (जंतूंविना जमलेल्या पेशींचा डागही) असू शकतो, पण जंतुसंसर्ग नाही हे स्लिट लॅम्पखाली बघितल्याशिवाय ठरवता येत नाही. पूर्वी हर्पिसचा डोळा झालेला असेल तर यूव्हीने तो उलटू शकतो. हा प्रश्न शस्त्रक्रियेआधीच विचारलेला असावा. गर्भारपणात आणि अंगावर पाजत असताना पुढे ढकलावं.


लेन्सवाली

आतापर्यंत सर्जनच्या बाजूचं आलं. ऑप्टोमेट्रिस्टच्या हातात काय आहे ते मी मांडते, कारण ही केस लेझरला योग्य आहे की नाही याचं अर्धं उत्तर तुमच्याच तपासणीत आहे.

आरजीपीने ६/६ येतं ही फार मोलाची नोंद आहे. आरजीपी कॉर्नियाचा पुढचा पृष्ठभाग अश्रूंनी भरून सपाट करते. लेझरही पुढच्याच पृष्ठभागावर काम करतं. म्हणजे पुढचा पृष्ठभाग पूर्ण नीट झाला तर कुठवर मजल जाईल याची वरची मर्यादा आरजीपीने आधीच दाखवून दिली. आरजीपीनेही ६/१२ च येत असतं तर व्रण, मागच्या पृष्ठभागाचा वाकडेपणा किंवा आळशी डोळा यांचा शोध घ्यावा लागला असता, आणि लेझरसाठी मायक्रॉन खर्च करण्यात अर्थ नव्हता.

पण पेशंट आरजीपी नियमित घालत असेल तर टोपोग्राफीआधी ती तीन-चार आठवडे बंद हवी, सॉफ्ट असेल तर एक-दोन आठवडे. नुसते आठवडे मोजू नका. एक आठवड्याच्या अंतराने घेतलेले दोन नकाशे सारखे येईपर्यंत थांबा. लेन्सने दाबलेल्या कॉर्नियाचा नकाशा लेझरला दिला तर लेन्सचाच ठसा कोरला जाईल. 'वाढ' मोजतानाही हेच. नऊ महिन्यांतली १.६ ची वाढ दोन्ही वेळा लेन्स काढून आणि त्याच मशीनवर मोजली होती का, हे तुम्ही पोस्टमध्ये लिहिलेलं नाही. केमॅक्स एका बिंदूचा आकडा आहे, सहज हलतो. त्याच्या जोडीला मागच्या पृष्ठभागाची वक्रता किंवा जाडी यांपैकी एक तरी त्याच दिशेने सरकलेलं दिसलं पाहिजे.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या महिन्यात केमॅक्स वाढलेला दिसू शकतो आणि दृष्टी आधीपेक्षा वाईट असू शकते. हे अपेक्षित आहे. याच काळात शाइमफ्लूग जाडी खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, कारण धूर प्रकाश विखुरतो. ३४० वाचून पेशंट घाबरतो आणि कधी कधी आपणही. ओसीटीवर मोजा, आणि दोन ते चार आठवड्यांनी तिथेच सुमारे ३०० मायक्रॉन खोलीवर डिमार्केशन लाइन (क्रॉसलिंकिंग किती खोल गेलं ते दाखवणारी रेघ) दिसते का तेही पाहा. वेगवान प्रोटोकॉलमध्ये ती वर असते.

चष्मा तीन महिन्यांआधी बनवू नका. तेव्हाचा चष्माही तात्पुरताच असतो. सहा महिने ते वर्ष जाऊ द्या. आणि जुनी आरजीपी परत डोळ्यात घालू देऊ नका. माथा चपटा झालेला असतो, ती आता घट्ट बसते. नव्याने फिटिंग करावं लागतं, बहुतेकांना बेस कर्व्ह (लेन्सची आतली वक्रता) चपटा लागतो.

राहिलं डोळे चोळणं. वसंत ऋतूतली ॲलर्जी, सतत खाज, उशीत डोळा दाबून झोपण्याची सवय, यांवर आधी उपचार झाले पाहिजेत. स्लिट लॅम्पवर वरची पापणी उलटून पॅपिली (ॲलर्जीचे उंचवटे) पाहिल्याशिवाय केस सर्जनकडे पाठवू नका.


डोळस

लेन्सवाली ताई, दोन्ही मापनं एकाच मशीनवर, लेन्स चार आठवडे बंद ठेवून घेतली आहेत. मागची वक्रताही वाढली आहे, जाडी १४ मायक्रॉनने उतरली आहे. पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. आता एकच राहिलं : पेशंट म्हणतो, डाव्या डोळ्याचंही सोबतच उरकून टाका. आणि ७० टक्के किंवा निम्मंच का, पूर्ण सिलिंडर काढून नंतर बघता येणार नाही का?


मायक्रॉन

डाव्या डोळ्याला लेझर नको. चष्म्याने ६/६ दिसतंय, मिळवायला काही नाही आणि गमवायला दोन ओळी आहेत. वाढही नाही, त्यामुळे सीएक्सएलसुद्धा आज नको. दर सहा महिन्यांनी नकाशा, आणि हलला तर एकटं सीएक्सएल. पेशंट अठराच्या आतला असता तर मी एवढी वाट पाहिली नसती, कारण त्या वयात केराटोकोनस झपाट्याने वाढतो. पण तिथेही आधी फक्त सीएक्सएल केलं असतं.

पूर्ण सिलिंडर न काढण्याचं कारण जाडीपुरतं नाही. सीएक्सएलनंतर कॉर्निया महिनोन् महिने, काही डोळ्यांत वर्षानुवर्षं, चपटा होत राहतो. आज शून्यावर आणलेला डोळा उद्या प्लसमध्ये जाईल. काढलेलं स्ट्रोमा परत येत नाही आणि दुसऱ्यांदा काढायला जागा उरत नाही. थोडा मायनस शिल्लक असला तर पुढचा चपटेपणा तो खाऊन टाकतो. वर्षभर सगळं स्थिर राहिलं आणि उरलेला नंबर नियमित स्वरूपाचा असेल, तर टोरिक आयसीएलचा (सिलिंडरही काढणाऱ्या, डोळ्याच्या आत बसवायच्या लेन्सचा) विचार करता येतो, चेंबरची खोली पुरेशी असेल तर.

संमतिपत्रात एक ओळ जरूर असावी : अमेरिकेच्या एफडीएने एप्रिल २०१६ मध्ये मान्यता दिली ती एपिथेलियम काढून केलेल्या एकट्या क्रॉसलिंकिंगला. लेझरची जोड ही सर्जनच्या निर्णयावर आहे. पेशंटला हे माहीत असणं त्याचा हक्क आहे.

आणि आजचे सगळे नकाशे, नंबर, केरॅटोमेट्री, एपिथेलियम मॅप आणि लेझरचा खोलीचा नकाशा याची प्रत पेशंटकडे द्या. पुढे कधी मोतीबिंदू काढायची वेळ आली की लेन्सची पॉवर ठरवणाऱ्याला कॉर्निया लेझरने बदललेला आहे हे नकाशावरून नेहमी ओळखता येत नाही. तेव्हा हेच कागद लागतील.